आण्याचं स्थळ आणि स्टॅटिक क्लास

संगणकाच्या धंद्यात मला सगळ्यात जास्त कशानं छळलं असेल, तर एका शब्दानं. व्हायरसनं नाही, भारनियमनानं नाही, ‘सर्टिफिकेट आधी द्या, पोरगं परीक्षा नंतर देईल’ म्हणणाऱ्या पालकांनीही नाही. तो शब्द म्हणजे ‘स्टॅटिक’. आज वर्ग बंद करून घरी बसले आहे, तरी तो शब्द कानावर पडला की मी हातातलं काम थांबवते.

माझं माहेर घोडेगावचं, सासर आळेफाट्याचं. फाट्यावर नगरकडे जाणाऱ्या रस्त्याला टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथं मी आधी टायपिंग आणि मग संगणक शिकवला. खाली टायर ठोकल्याचा आवाज, समोर नाशिकच्या गाड्यांचे हॉर्न आणि वर आम्ही. नव्वदच्या दशकात लोकांना संगणक म्हणजे काय, हेच सांगण्यात निम्मा तास जायचा. एक ट्रकमालक एकदा फ्लॉपी घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, यात थोडं इंटरनेट भरून द्या, घरी पोरं लई मागं लागल्यात.” मी त्यांना हसले नाही. मी स्वतः जे शिकवत होते, त्यातलं बरंचसं मला आदल्या दिवशी कळलेलं असायचं.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. आमच्यात स्टॅटिक म्हणजे कंगवा केसांवर घासल्यावर कागदाचे कपटे उचलणारी वीज. हलत नाही, एका जागी साठून राहते, म्हणून स्थिर. हाच अर्थ मनात धरून मी प्रोग्रॅमिंगकडे वळले आणि पहिल्याच पुस्तकात अडखळले. तिथं स्टॅटिक म्हणून ठेवलेला आकडा दर खेपेला वाढत होता. स्थिर आहे म्हणता आणि बदलतो कसा? पुस्तक इंग्रजी, विचारायला जवळ कुणी नाही. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की स्थिर आहे ती त्याची जागा. आतली किंमत खुशाल बदलते. मला वाटलं, सुटलं कोडं. पण तो शब्द तेवढ्यावर मला सोडणार नव्हता.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगते. प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका पद्धतीत ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ असे दोन शब्द सारखे येतात. मी मुलांना सांगायची, क्लास म्हणजे शिवणकामातला ब्लाउजचा कागदी नमुना. कागद कुणी अंगात घालत नाही. त्या नमुन्यावरून बेतून जो शिवला जातो, तो ऑब्जेक्ट. एका नमुन्यावरून हवे तेवढे ब्लाउज निघतात, प्रत्येकाचं कापड वेगळं, माप वेगळं, एकाला हळदीचा डाग पडला तर दुसऱ्याला पडत नाही. इथवर सगळ्यांना पटायचं. मग यायचा स्टॅटिक क्लास. म्हणजे असा नमुना, की ज्यावरून काहीच शिवायचं नाही. तो आहे तसाच, एकच, सगळ्यांनी मिळून वापरायचा.

“मग त्याला नमुना कशाला म्हणायचं, मॅडम?” असं एका मुलानं विचारलं होतं. मी म्हटलं, “उद्या सांगते.” तो उद्या काही उजाडला नाही.

त्यातच एकदा माझ्या वर्गात भांडण झालं. ओतूरचा विलास आणि नारायणगावची मनीषा, दोघंही हुशार, दोघंही कॉलेज करून माझ्याकडे जादा शिकायला येणारे. विलास म्हणाला, स्टॅटिक क्लासचा ऑब्जेक्ट करताच येत नाही. मनीषा म्हणाली, येतो, मी काल केला. तो तिला म्हणाला, तू झोपेत केला असशील. ती दोन दिवस वर्गाला आली नाही. मी दोघांची पुस्तकं घेऊन बसले, वाचत गेले आणि आणखीच गोंधळले, कारण दोघांचंही बरोबर होतं. विलास सी शार्प शिकत होता, मनीषा जावा. प्रोग्रॅमिंगच्या या दोन वेगळ्या भाषा, आणि पहिलीत स्टॅटिक क्लासवरून काही शिवता येत नाही. दुसरीत एका क्लासच्या पोटात दुसरा क्लास ठेवतात, त्याला स्टॅटिक म्हणतात आणि त्यावरून खुशाल ऑब्जेक्ट करता येतात. शब्द तोच, अर्थ गावागणिक वेगळा. मी मनीषाच्या घरी फोन करून तिला बोलावलं आणि दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं, की तुम्ही दोघंही बरोबर आहात. त्यावर दोघंही माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मलाच काही येत नाही.

हा विलास पुढे पुण्यात नोकरीला लागला. त्यानंच किसनभाऊंचा प्रोग्रॅम केला, आणि आता मी मूळ गोष्टीकडे येते.

किसनभाऊ एसटीत कंडक्टर होते. सगळी हयात त्यांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या गाड्यांवर काढली. कोणत्या थांब्यावर कुणाची पोरगी कॉलेजला चढते, कुणाचा मुलगा पुण्याहून सुट्टीला येतो, हे त्यांना ठाऊक. गाडीत तिकिटं फाडता फाडता त्यांनी कितीतरी सोयरिकी जुळवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी फाट्यावर वधूवर केंद्र काढलं आणि काळाबरोबर राहायचं म्हणून त्यात तीन संगणक आणले. ही दोन हजार सालानंतरच्या दशकातली गोष्ट, वधूवर केंद्रात संगणक म्हणजे तेव्हा नवल होतं. लोक नुसते संगणक बघायलासुद्धा यायचे.

प्रोग्रॅम विलासनं भाऊंच्या प्रेमापोटी केला, आणि तो रोज सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. काम असं चाले: स्थळ बघायला आलेल्या मंडळींना पडद्यावर मुलाचा किंवा मुलीचा फोटो, वय, शिक्षण, काय करतो, आणखी काही सांगण्यासारखं असेल तर ते, एवढं दिसायचं. नाव, गाव, फोन दिसायचा नाही. कारण भाऊंचा नियम कडक होता. पसंती सांगितल्यावर, त्यांची खात्री पटल्यावरच छापील कागद द्यायचा, आणि त्या कागदावर खाली नाव-पत्ता यायचा. छापायचं काम रोहिणी करायची. पस्तिशीची बाई, नवरा नव्हता, दोन मुलं. माझ्याच वर्गात शिकलेली. शांत आणि कामाला चोख. दसरा-दिवाळीनंतर केंद्रात गर्दी उसळली, की तिन्ही मशिनींवर मंडळी बसलेली असायची आणि ती एकटी तिघांकडे बघायची.

अशाच गर्दीत एके दिवशी मढहून एक शेतकरी, त्यांची बायको आणि मुलगी सुमन आले. मढ हे गाव जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, माळशेजच्या वाटेवर. भाताची खाचरं आणि डोंगर. सुमन डीएड झालेली. त्यांनी एक मुलगा पसंत केला. हसरा, धडधाकट, शेतीच्या औषधांचं दुकान असलेला. रोहिणीनं कागद छापून दिला. खाली नाव होतं गणेश, गाव आणे, म्हणजे तालुक्याचं थेट पूर्वेकडचं टोक, पठारावरचं. सुमनच्या वडिलांनी फोन करून विचारलं, येऊ का, पलीकडून म्हणाले, या. रविवारी सगळी मंडळी जीप करून निघाली.

पुढचं मला भाऊंकडून कळलं, आणि नंतर दोन्ही घरांकडून. आण्याला पाहुण्यांचं स्वागत झालं, पोहे झाले, आणि मुलगा बाहेर आला. तो फोटोतला नव्हताच. दुसराच मुलगा होता, आणि चालताना त्याचा डावा पाय ओढला जात होता. लहानपणी पोलिओ झालेला.

सुमनच्या वडिलांनी खिशातला कागद काढला. फोटो एकाचा आणि दाखवता दुसरा? आणि पायाचं तर कुठंच लिहिलेलं नाही. गणेशचे वडील, त्यांना सगळे अप्पा म्हणत, त्यांना काही कळेना. ते शपथा घेऊ लागले, की आम्ही पायाचं लिहून दिलंय. कागदावर तर नव्हतं. शब्दाला शब्द वाढला. सुमनच्या वडिलांनी त्या मुलाला त्याच्या आईसमोर खोटारडा म्हटलं आणि सगळे न जेवता निघून गेले. अंगणात शेजारीपाजारी उभे होते. त्या गावात पुढचे कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता.

सोमवारी सकाळी अप्पा आळेफाट्याला भाऊंच्या केंद्रात येऊन बसले. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, “किसनभाऊ, तुमच्या इश्वासावर दिलं व्हतं.” भाऊ मला म्हणाले, त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊंनी संगणकावर गणेशचं पान उघडलं. सगळं जागच्या जागी. फोटो गणेशचा, पायाचा उल्लेख स्वच्छ, नाव-पत्ता बरोबर. मग मढच्या लोकांना गेलेला कागद आला कुठून? भाऊंना एकच उत्तर सुचलं. छापणारी रोहिणी होती. कुणीतरी तिला हाताशी धरून पाय लपवला. तिनं नाही म्हटलं, रडली नाही, भांडली नाही. भाऊंनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी फाट्यावर चहाच्या टपरीपर्यंत गेली होती.

मला हे पटेना. रोहिणीनं असं केलं असतं तर तिनं भलत्याच मुलाचा फोटो कशाला वापरला असता? पाहुणे घरी गेले, की उघडं पडणारच होतं. मी भाऊंना म्हटलं, मला प्रोग्रॅम तपासू द्या. ते म्हणाले, तपासा, पण मशीन खोटं बोलत नाय, बाई. माणूस बोलतो.

मी तपासायला बसले. एक मुलगा निवडला, छापला. बरोबर. दुसरा निवडला, छापला. बरोबर. गणेशला पाच-सहा वेळा निवडलं. दर वेळी त्याचा फोटो, त्याचा पाय, त्याचा पत्ता. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. बरोबर. प्रोग्रॅममध्ये चूक सापडावी म्हणून मी देवाची करुणा भाकत होते, आणि चूक काही सापडत नव्हती. माझ्या मनातसुद्धा एकदा येऊन गेलं, की भाऊंचं खरं तर नसेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा तिथंच बसले होते. भाऊ कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. रोहिणी केंद्राची चावी परत द्यायला आली. मी तिला म्हटलं, बस, त्या दिवशी काय काय केलंस ते मला दाखव. ती शेजारच्या मशिनीवर बसली आणि तिच्या नेहमीच्या पद्धतीनं दाखवू लागली. मी माझ्या मशिनीवर घोडेगावकडचा एक मुलगा निवडून ठेवला होता. तिनं तिच्या मशिनीवर कुणीतरी निवडला. मी छापायची कळ दाबली.

कागद आला. फोटो माझ्या मुलाचा, शिक्षण त्याचंच, आणि खाली नाव-पत्ता रोहिणीनं निवडलेल्या मुलाचा.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिला म्हटलं, हात काढ, नुसती बस. मी एकटीनं केलं. बरोबर आलं. तिनं पुन्हा निवड केली, आणि पुन्हा चुकलं. ती एकदम उठून उभी राहिली.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी हात लावला की बिघडतंय. माझ्याच हातात काहीतरी आहे.”

मी तिला माझ्या जागेवर बसवलं आणि स्वतः तिच्या जागेवर बसले. आता तिचा कागद चुकला, माझ्या निवडीमुळे. तेव्हा तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. हाताचा प्रश्न नव्हता. एकानं निवडायचं, मध्येच दुसऱ्यानं निवडायचं, आणि मग पहिल्यानं छापायचं, एवढंच घडायला हवं होतं. एकटं माणूस बसलं तर हे कधीच घडत नाही, म्हणून मी एकटी बसून काय वाटेल तेवढं तपासलं असतं तरी मला काहीही सापडलं नसतं.

पण का घडतं, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी विलासला पुण्याला फोन लावला आणि विचारलं, निवडलेल्या मुलाचं नाव-पत्ता तू छापेपर्यंत कुठं ठेवतोस?

“एका स्टॅटिक क्लासमध्ये, मॅडम,” तो म्हणाला. “लई सोयीचं पडतं. ऑब्जेक्ट करायची भानगड नाही. कुठल्याही पानावरून नुसतं नाव घेतलं की मिळतं.”

“आणि दोन माणसं एकाच वेळी बसली तर?”

तो हळूच म्हणाला, “एकाच वेळी कोण बसणार?”

“मग तीन मशिनी कशाला घेतल्या, विलास?”

मी फोन कानाला लावून उभी होते, आणि हे विचारता विचारताच तो शब्द मला पहिल्यांदा खरा कळला. स्टॅटिक क्लास एकच असतो. पहिल्यांदा कुणी त्याचं नाव घेतलं की तो तयार होतो आणि प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तोच राहतो. एका माणसाचा एक, दुसऱ्याचा दुसरा, असं नसतं. तिन्ही मशिनी ज्या एका प्रोग्रॅमशी बोलत होत्या, त्यात ती जागा एकच होती. मढच्या लोकांनी औषधाच्या दुकानवाल्याला निवडलं, तेव्हा त्याचा पत्ता तिथं लिहिला गेला. त्याच वेळी शेजारच्या मशिनीवर दुसऱ्या कुणी गणेशला निवडलं, आणि तिथंच गणेशचा पत्ता लिहिला गेला. आधीचा पुसला गेला. रोहिणीनं मढच्या लोकांचा कागद छापला, तेव्हा वरचा भाग त्यांच्या पानावरून आला आणि खालचा त्या एका जागेवरून.

मी विलासवर रागावणार होते, पण रागावता आलं नाही. पुस्तकात ते किती सोपं दिसतं, हे मला माहीत होतं.

शनिवारी विलास आला. त्यानं प्रत्येक बसणाऱ्या माणसाची निवड वेगळी राहील, अशी सोय केली. स्टॅटिक क्लासमध्ये फक्त सगळ्यांना सारखंच लागणारं ठेवलं: केंद्राचं नाव, गावांची यादी, जन्मतारखेवरून वय काढायची रीत. भाऊंना मी हे समजावू लागले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी मी विचारलं, भाऊ, स्टँडवर कंट्रोलरसाहेबांचा फळा असतो, तो आठवतो? नाशिकची गाडी कुठं लागेल, ते त्यावर लिहितात आणि सगळे वाचतात. आता समजा, प्रत्येक प्रवाशानं आपापल्या पाहुण्याचा पत्ता त्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली, तर? आधीच्याचं पुसून आपलं. आणि मग पहिला प्रवासी फळा वाचून निघाला, तर कुठं पोचेल?

भाऊ म्हणाले, “म्हंजी पोरीनं काय केलं न्हाई.”

पुढच्या आठवड्यात भाऊ, मी आणि रोहिणी आण्याला गेलो. तिला मीच आग्रहानं नेलं. पठारावर वारा सणसणत होता. अप्पांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. गणेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आळेफाट्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम, आणि त्याच्या बोटांना तांब्याचा वास येत होता. मी तीच फळ्याची गोष्ट सांगितली. अप्पांनी दोनदा सांगायला लावली.

“म्हंजी तोंड एकाच्या पोराचं, अन् नाव माझ्या पोराचं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, होय.

गणेशची आई उठून आत गेली. तेव्हा गणेश बोलला. “मॅडम, मी पायाचं लिव्हलं व्हतं. सगळ्यात आदी त्येच लिव्हलं व्हतं. त्यांना तेवढं सांगा. बाकी काय नको.”

म्हणून आम्ही मढलाही गेलो. तालुक्याचं एक टोक गाठून दुसरं गाठायचं म्हणजे अख्खा दिवस. खाचरांतला भात कापून झाला होता. सुमनच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. फळा, मशीन, दोन निवडी. त्यांना ते किती कळलं, मला माहीत नाही. त्यांना कळलं ते एवढंच, की मुलगा खरं बोलला होता. “मी त्याला त्याच्या आयेम्होरं खोटारडा म्हणलो,” असं ते स्वतःशीच म्हणाले आणि खाली बघत राहिले.

इतका वेळ सुमन दारात बसून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, “मग तो फोटोतला कोण व्हता?”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो. मला सांगताना अजून अवघडल्यासारखं होतं, पण या सगळ्या धावपळीत त्या माणसाची कुणालाच आठवण नव्हती. त्याचा फोटो एका घरी पोचला, पसंतही पडला, आणि तो तिकडे आंबेगाव तालुक्यात आपल्या औषधांच्या दुकानात बसून होता. भाऊंनी परत आल्यावर त्याला फोन केला. तो म्हणाला, मला वाटलं, मला कुणी पसंतच करत नाही. सुमनच्या घरच्यांनी त्यालाही रीतसर पाहिलं. सुमननं नकार दिला. भाऊंनी कारण विचारलं, तर म्हणाली, “फोटोत बरा व्हता.”

त्यानंतर सुमन आणि तिचे वडील भाऊंना घेऊन आण्याला गेले. मी नव्हते, पण भाऊंनी मला शब्दन् शब्द सांगितलं. वडिलांनी अप्पांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, अप्पांनी धरून उठवलं. चहा झाला. मग सुमनच्या वडिलांनी आडून आडून सुचवलं, की आमची काही हरकत नाही, पोरीचीही नाही. सगळे गणेशकडे बघू लागले. भाऊंना वाटलं, झालं, जमलं. गणेश म्हणाला, “मामा, माफी अन् सोयरीक एका दिवशी नको.” इतक्या शांतपणे म्हणाला, की कुणाला वाईट वाटायला जागा उरली नाही. दुसरा दिवस काही पुढे आला नाही. गणेशचं लग्न पुढे पारनेरकडच्या मुलीशी झालं. सुमनला शाळेत नोकरी लागली. दोन्ही घरं सणासुदीला एकमेकांना फोन करतात, असं ऐकते. यापेक्षा चांगलं झालं असतं का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला ठरवता आलेलं नाही.

भाऊंचं मात्र मशिनीवरचं मन उडालं. प्रोग्रॅम दुरुस्त झाला, मी आणि विलासनं त्यांच्यासमोर तिन्ही मशिनींवर एकदम छापून दाखवलं, तरी ते एका वेळी एकाच कुटुंबाला आत सोडू लागले. बाकीच्यांना बाहेर बाकावर बसवायचे. मी म्हणायची, भाऊ, आता काही होणार नाही. ते म्हणायचे, व्हय व्हय, आणि बाहेरच्यांना हातानंच थांबा म्हणायचे.

राहिली रोहिणी. भाऊ तिला परत बोलवायला तिच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. मला वाटत होतं, चूक सापडली, आळ गेला, आता सगळं पहिल्यासारखं होईल. चूक शोधणाऱ्या माणसाला असंच वाटतं. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, माझं चुकलं पोरी, उद्यापासून ये. इतका मोठा माणूस, सगळ्या तालुक्यात मान असलेला, तिच्या घरी येऊन हे म्हणाला. मला वाटलं, ती रडेल.

ती रडली नाही. म्हणाली, “भाऊ, चूक मशिनीची निघाली म्हणून तुम्ही आलात. नसती निघाली, तर?”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर त्या दुपारी ती चावी द्यायला आली नसती आणि शेजारच्या मशिनीवर बसली नसती, तर मलाही काही सापडलं नसतं. त्या आधीच्या दिवशी माझ्याही मनात एक शंका येऊन गेली होती, ती तिला दिसली होती की नाही, कोण जाणे.

ती परत आली नाही. पुढे तिनं घोडेगावला एका पतपेढीत काम धरलं आणि आपल्या दोन्ही मुलांचं शिक्षण केलं. भाऊंनी त्या दिवशी पेल्यातलं पाणी संपवलं, टोपी घातली आणि दारातून म्हणाले, “येतो गं.” रस्त्यावर आल्यावर मी रिक्षाला हात केला. भाऊ थांबले नाहीत. ते फाट्याकडे चालतच निघाले, आणि मीही मुकाट्यानं त्यांच्या मागून चालू लागले.